मास्तरांचे सिंगापुरातले शिष्य

पासिर रिसपासून सेम्बावांगपर्यंत त्या काळी सिंगापुरात जेवढी म्हणून मराठी घरं होती, त्या सगळ्यांत मिळून तीनशे वर्षांपूर्वी वारलेल्या एका जर्मन माणसाचं पान सर्वपित्री अमावास्येला वाढणारं घर एकच होतं, आणि ते नेमकं माझ्या साडूचं निघालं. मी पुण्याहून एम्प्लॉयमेंट पासवर तिथे गेलो तेव्हा बायकोचे कागद व्हायचे होते आणि भाड्याचा फ्लॅट मिळायचा होता, म्हणून पहिले काही महिने पासिर रिसला त्यांच्याकडेच राहिलो. बायकोची थोरली बहीण ती माझीही ताई, आणि ताईचे यजमान ते आमचे साडूभाऊ. बँकेत हिशेबतपासनीस. अंगकाठी इतकी किरकोळ की सकाळी ऑफिसला निघाले की टायच त्यांना धरून नेतोय असं वाटायचं. आवाज मात्र देवानं कुठल्या तरी पहिलवानाचा चुकून यांना दिलेला. ‘चहा घेणार का?’ एवढं विचारलं तरी बशीतला कप किणकिणायचा.

मी गेलो त्या पहिल्याच आठवड्यात जेवताना ते हळहळले, “मास्तरांचं या खेपेचं सरपण कौन्सिलनं निम्म्यानं कापलं हो. आणि हिवाळा तोंडावर आलाय.” सिंगापुरात हिवाळा आणि सरपण हे शब्द ऐकून मी चपापलो, पण पाहुण्यानं फार चौकशा करू नयेत म्हणून भात कालवत राहिलो. दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या धाकट्या मुलीला ताप भरला. तिसऱ्या दिवशी चर्चच्या पंचमंडळींनी मास्तरांना बोलावून ‘तुमचं गाणं फार लांबतं, प्रवचनाला वेळ उरत नाही’ म्हणून सगळ्यांसमक्ष झापलं. आता मला राहवेना. मी म्हटलं, “साडूभाऊ, एवढा जाच सोसून त्यांनी तिथे राहायचंच कशाला? बायोडेटा पाठवा म्हणावं. इथल्या शाळांतून संगीत शिक्षक घेतात, पास मिळून जाईल.” ताईच्या हातातली आमटीची पळी वरच्या वर राहिली. त्यांची मुलगी सिंगापुरातच वाढलेली. ती ताटातून मान वर न करता म्हणाली, “काका, मास्तर डाय ऑलरेडी, लाह! थ्री हंड्रेड इयर्स ऑलरेडी.”

मास्तरांचं खरं नाव चांगलं लांबलचक आहे, पण ते उच्चारताना घशात माशाचा काटा अडकल्यासारखं होतं, म्हणून घरात सगळे मास्तरच म्हणत. त्यांच्यावरच्या एका जाड पुस्तकाची साडूभाऊ रोज दोन-चार पानं वाचत, आणि जेवताना ऐकू यायच्या त्या बातम्या त्यातल्या. जर्मनीतल्या एका लहानशा गावात ते चर्चचे संगीतशिक्षक होते. सकाळी पोरांना लॅटिन शिकवायचं, दुपारी त्याच पोरांकडून गाऊन घ्यायचं, आणि दर रविवारी देवापुढे एक कोरं करकरीत गाणं उभं करायचं, तेही चार तऱ्हांच्या आवाजांत बांधलेलं. पगार थोडा नाण्यांत, थोडा लाकडांत, थोडा धान्यात आणि उरलेला बियरमध्ये. घरात मुलांची रांग, आणि त्यातली निम्मी लहानपणीच गेलेली. एवढ्या रगाड्यात त्यांनी रचलेल्या भजनांपैकी (साडूभाऊ त्यांना भजनंच म्हणत) बरीचशी पुढे रद्दीत जाऊन कुणाच्या तरी लोण्याला गुंडाळली गेली, आणि मूठभर उरली. त्या काळच्या संगीताला बरोक म्हणतात आणि बरोक म्हणजे मूळचा वेडावाकडा मोती, असं त्यांनी एकदा सांगितलं तेव्हा ताई म्हणाली, “मोत्याचं मला ठाऊक नाही, बाकीचं पटतं.” पाश्चात्त्य संगीतातलं कळणारा कुणी भेटला की तो हमखास त्याच काळातल्या एखाद्या फार मोठ्या नावाची चौकशी करायचा. साडूभाऊ मनातून दुखावायचे. “त्यांना गाणारी सगळी दुनिया पडलीय. आमच्या मास्तरांना कोण आहे?” म्हणायचे, आणि विचारणाऱ्याला वाटायचं की याच्या घरातलं कुणी तरी म्हातारं माणूस वृद्धाश्रमात आहे.

भाद्रपदात सर्वपित्रीला मी ते प्रसिद्ध पान पाहिलं. वडिलांचं, आजोबांचं, आणि शेजारी मास्तरांचं. गुरूचं तर्पण शास्त्रात बसतं असा त्यांचा दावा होता, आणि खरी तिथी का धरत नाही असं विचारलं तर म्हणाले, “त्या काळी जर्मनीत दोन-दोन कॅलेंडरं चालू होती. चुकीची धरली तर मास्तर उपाशी राहायचे. सर्वपित्रीला कसं, कुणीच सुटत नाही.” मास्तरांच्या आवडीचं म्हणून पानावर बियर हवी असा त्यांचा आग्रह होता, पण पितरांच्या पानावर मी असलं काही ठेवणार नाही म्हणून ताईनं बजावलं, आणि शेवटी दोन्ही पक्षांच्या संमतीनं खालच्या हॉकर सेंटरमधून, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारातून, बार्ली वॉटर आलं. जव तर दोन्हीत तेच. खरी पंचाईत पुढे. सिंगापूर सरकारनं कावळे असे काही आटोक्यात आणले होते की घास शिवायला एक येईना, आणि कचरा टाकला म्हणून दंड होऊ नये म्हणून ब्लॉकखालच्या हिरवळीवर केळीच्या पानांशेजारी आम्ही दोघं पहारा देत उभे. अखेर एक साळुंकी आली आणि वडील-आजोबांना ओलांडून थेट मास्तरांच्या पानावरचा वडा घेऊन गेली. साडूभाऊंचा चेहरा उजळला. “गवयाकडे साळुंकीच यायची,” ते म्हणाले आणि हात जोडले.

मला स्वतःला सूर आणि सुरण यांतला फरक फक्त ताटात कळतो, त्यामुळे हे वेड मला पहिल्यांदा निव्वळ वेडच वाटलं. मग हळूहळू त्याची मुळं कळली. कॉलेजात असताना साडूभाऊ पुण्यात गाण्याच्या क्लासला गेले होते. बाईंनी दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं, तुमचा आवाज वर चढतच नाही, तुम्ही आपली तंबोऱ्याची साथ करा. आपल्याकडे गाणं म्हणजे वर जाणं. जो वर जाईल त्याला दाद, आणि जो खाली राहील त्यानं आरतीला झांजा वाजवाव्यात. साडूभाऊंनी वीस-पंचवीस वर्षं मुकाट्यानं झांजा वाजवल्या. मग सिंगापुरात आल्यावर कुणाच्या तरी शब्दाखातर बुकित तिमाहच्या एका चर्चच्या धर्मादाय कामाचे हिशेब तपासायला एका शनिवारी गेले असता, शेजारच्या हॉलमध्ये समूहगान करणाऱ्या हौशी कॉयरची तालीम चालली होती. साडूभाऊंनी दारातून डोकावून फक्त “टॉयलेट कुठे आहे?” एवढं इंग्रजीत विचारलं. कॉयरच्या मॅडम, साठीतल्या, चिनी, पियानो शिकवून शिकवून बोटं वाकडी झालेल्या, त्यांनी पियानो थांबवला आणि म्हणाल्या, “यू. से अगेन.” त्यांच्याकडे खर्जात गाणारा माणूसच मिळत नव्हता. टॉयलेटला जाण्याआधीच साडूभाऊंच्या हातात मास्तरांच्या भजनाची प्रत पडली. “माझा आवाज म्हणजे आपल्याकडे दोष होता हो,” ते मला एकदा म्हणाले, “आणि या माणसानं तीनशे वर्षांपूर्वी माझ्यासाठी खाली जागा राखून ठेवली होती.” हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मी थट्टा करायचा विचार तेवढ्यापुरता सोडून दिला.

तेवढ्यापुरताच, कारण घरातली त्यांची तालीम म्हणजे थट्टेला आमंत्रणच. सिंगापूरच्या सरकारी फ्लॅटांमध्ये युद्धबिद्ध झालंच तर लपायला म्हणून जाड भिंतींची, पोलादी दाराची एक खोली असते, तिला बॉम्ब शेल्टर म्हणतात आणि लोक तिच्यात तांदूळ ठेवतात. मुलीनं “पप्पा, नेबर विल कम्प्लेन, लाह!” म्हणून रोज कटकट केल्यावर साडूभाऊंनी आपलं गाणं तांदळाच्या पोत्यांमध्ये आणि पापडांच्या डब्यांमध्ये हलवलं. दार लावून घ्यायचे, तरी आवाज बाहेर यायचाच, लांबच्या पिठाच्या गिरणीसारखा. गंमत अशी की ते आपला भाग तेवढाच गात. वरचे तीन भाग बुकित तिमाहला राहिलेले. पासिर रिसला नुसती खालची ओळ. एक लांब सूर, मग दुसरा लांब सूर, मग एकदम सामसूम. सामसूम झाली की ताईला वाटायचं आटोपलं. ती दारापाशी जाऊन “वाढू का?” म्हणायची, आणि नेमका त्याच क्षणी आतून असा काही षड्ज निघायचा की ती दचकून मागे यायची. सामसूम म्हणजे त्यांची विश्रांती नव्हती; इतर आवाज गाताहेत असं धरून ते बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत, जप केल्यासारखे मात्रा मोजत बसलेले असायचे. त्या वेळात फोन आला तरी घेत नसत. ताई त्या सगळ्याला ‘रडगाणं’ म्हणायची, आणि भाजी चिरताना तिच्या नकळत तेच रडगाणं नाकातल्या नाकात गुणगुणायची.

साडूभाऊंचा दुसरा छंद म्हणजे तिथल्या मराठी मंडळातल्या माणसांना मास्तरांच्या नादी लावणं. एकाच गाण्यात आवाज एकामागून एक कसे घुसतात हे समजावताना ते म्हणत, “आपल्याकडे आरतीनंतरच्या मंत्रांत मागच्या रांगेतली माणसं नेहमी अर्ध्या ओळीनं मागे असतात ना? मास्तरांनी ते मुद्दाम केलं, आणि शेवटी सगळ्यांना एकदम घरी पोचवलं.” एका नाताळाच्या कार्यक्रमाला त्यांनी मंडळाची तीस-चाळीस माणसं खेचून आणली. देवाचं ठिकाण म्हटल्यावर सगळ्यांनी चर्चच्या पायऱ्यांवर चपला-बूट काढले. मागून येणारे चिनी आणि युरेशियन लोक तो ढीग बघून बुचकळ्यात पडले, आणि आज काही तरी वेगळी प्रथा दिसते असं समजून निमूटपणे तेही बूट काढून आत आले. त्या थंडगार एसीत निम्मं चर्च मोजे घालून बसलं होतं. गाणं संपल्यावर साडूभाऊंनी मॅडमना व्यासपीठावर थांबवून घेतलं, आणि मंडळाच्या अध्यक्षांच्या हस्ते त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. लोकरीची शाल आणि शेंडीचा नारळ घेऊन मॅडम उभ्या. शाल त्यांनी पियानोवर घातली, ती मी पुढे अनेक वर्षं तिथेच पाहिली. पुढच्या शनिवारी साडूभाऊंना त्यांनी एक बरणी दिली आणि म्हणाल्या, “युअर प्राइझ, व्हेरी गुड कोकोनट. आय मेक काया.” म्हणजे सत्काराच्या नारळाचा त्यांनी पावाला लावायचा गोड मुरांबा करून टाकला होता. ताईला ते फार आवडलं. नारळ फोडून प्रसाद करायचा असतो एवढं त्या बाईला न सांगता कळलं, असं तिचं म्हणणं पडलं.

पुढे माझी बायको आली, आम्ही सेम्बावांगला फ्लॅट घेतला, तरी शनिवार-रविवार पासिर रिसलाच जायचा. आणि मग कॉयरनं मास्तरांची गुड फ्रायडेची मोठी रचना करायला घेतली. तासाभराची, ख्रिस्ताच्या मरणावरची. साडूभाऊ नुसते हरखून गेले होते, कारण त्या रचनेची गोष्ट ते मला पहिल्यापासून सांगत आले होते. मास्तरांनी ती लिहून पुरी केली त्याच वर्षी त्यांच्या गावात तापाची साथ आली. गावकऱ्यांनी एकत्र जमायला बंदी केली, चर्चला कुलूप लागलं, आणि कागद कपाटात पडले. पुढच्या हिवाळ्यात मास्तर गेले. रचना गाऊन घेतली ती नंतर त्यांच्या एका शिष्यानं. “स्वतः कानांनी ऐकली नाही हो त्यांनी,” साडूभाऊ म्हणायचे, आणि दर वेळी हे वाक्य म्हणताना त्यांचा आवाज आणखी एक पायरी खाली जायचा.

तालमी ऐन रंगात आल्या होत्या तेव्हा जानेवारीत एका सकाळी साडूभाऊंच्या शर्टाचं वरचं बटण लागेना. ताईनं हात लावून पाहिलं तर गळ्याशी गाठ. डॉक्टरांनी सांगितलं, थायरॉईडची आहे, काढायला हवी, कसली आहे ते काढल्यावरच कळेल. आणि आवाजाची नस अगदी तिच्या अंगाला लागून जाते, तेव्हा नंतर आवाजाची खात्री नाही. साडूभाऊ शांतपणे म्हणाले, “गुड फ्रायडेनंतर या.” जणू डॉक्टरच त्यांच्याकडे वसुलीला आले होते. ताईनं त्या दिवसापासून अबोला धरला, आणि समजूत घालायचं काम माझ्याकडे आलं.

मी त्यांना खाली हॉकर सेंटरला कॉफी प्यायला नेलं. म्हटलं, “साडूभाऊ, गाणं पुढच्या वर्षीही होईल. जीव आधी.”

“पुढच्या वर्षी गाणं होईल,” ते म्हणाले. “माझा आवाज होईल का?”

“पण गाठ वाईट निघाली तर? ताईचा, पोरीचा विचार करा.”

“तोच करतोय. नाही तर डॉक्टरांना मी येऊच नका सांगितलं असतं.” ते कॉफीत चमचा फिरवू लागले. “मी आयुष्यात लोकांच्या वह्या तपासल्या. स्वतःचं असं एकच काही केलं, तेही खालच्या ओळीत, चौथ्या रांगेत उभं राहून. एकदा, एकदाच ते सगळं मिळून व्हायला हवंय. मग कापा म्हणावं कुठे कापायचंय ते.” वर येऊन मी ताईला सांगितलं की ते ऐकत नाहीत, तर ती म्हणाली, “ते मला पंधरा वर्षांपूर्वी कळलंय. तुला पाठवलं ते तू तरी ऐकून येशील म्हणून.”

आणि मार्चमध्ये सार्सच्या तापाची साथ आली. ऑफिसच्या दारात रोज ताप बघू लागले, लिफ्टमध्ये कुणी खोकला की लोक श्वास रोखून धरू लागले. तोंडं उघडून एका हॉलमध्ये दाटीवाटीनं गाणं हा तर गुन्हाच वाटायला लागला. एका संध्याकाळी मॅडमचा फोन आला. आम्ही सगळे तिथेच होतो. साडूभाऊंनी “येस. येस. ऑफ कोर्स,” एवढंच म्हटलं, फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. मास्तरांच्या गावातला ताप तीनशे वर्षांनी पासिर रिसला पोचला होता. मला वाटलं आता हे मास्तरांबद्दल काही तरी बोलतील, पण ते ताईकडे वळले आणि म्हणाले, “घे तारीख.” ताईचा अबोला सुटला तो रडूनच.

ऑपरेशन झालं तेव्हा सार्समुळे भेटायला जायला बंदी होती. दाराशी सोडून यायचं आणि घरी बसायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी नर्सनं त्यांच्या कानाशी फोन धरून दिला. बोलायची मनाई, म्हणून ‘हो’ला फोनवर एक टिचकी आणि ‘नाही’ला दोन असं ताईनं ठरवून दिलं. दुखतंय का? दोन टिचक्या. खोटं बोलताय? एक टिचकी. मुलीची परीक्षा सांगून झाली, बाजारात मेथी आली होती ते सांगून झालं, मी आणि बायको आलोय तेही सांगून झालं. मग सांगायला काही उरेना आणि फोन ठेववेना. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. आणि एकाएकी ताईनं ते रडगाणं म्हणायला सुरुवात केली. मोठ्यानं, शब्द नाहीत, नुसता सूर. आपल्या आवाजात जमेल तेवढ्या खाली जाऊन. एक लांब सूर, मग दुसरा लांब सूर. मध्ये सामसूम आली तिथे ती थांबली, आणि मी पाहिलं, तिचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत होता. एरवी ‘सो एम्बॅरसिंग’ म्हणणारी मुलगी आईला चिकटून उभी होती. सामसूम संपली तशी ताईनं बरोबर पुढचा सूर उचलला. भाग पुरा झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि नेहमीच्या स्वरात म्हणाली, “आता झोपा.” पलीकडून एक टिचकी आली.

गाठ साधी निघाली. देवाची, मास्तरांची, ज्याची कुणाची असेल त्याची कृपा. आवाज मात्र गेला. म्हणजे बोलण्यापुरता राहिला, पण कागद फाडल्यासारखा, आणि खालची जागा तर पार रिकामी. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात येईलही. तो आला नाही. साडूभाऊंनी कॉयरला जाणं बंद केलं, आणि बॉम्ब शेल्टरमध्ये नुसते तांदूळ राहिले. त्या सर्वपित्रीला मास्तरांचं पान वाढलं, पण त्यांच्याबद्दल कुणी काही बोललं नाही. सरपणाचं काय झालं, धाकटीचा ताप उतरला का, काही कळायला मार्ग उरला नाही. मी इतकी वर्षं त्या बातम्यांना हसत आलो होतो, आणि आता जेवताना त्यांचीच वाट बघायचो. ताई तर उगाच जाऊन ते पोलादी दार उघडायची आणि लावायची.

पुढच्या वर्षी कॉयरनं तीच रचना पुन्हा घेतली आणि मॅडमनी फोन केला: ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंच्या शेजारी उभं राहून पानं उलटायला माणूस हवाय. साडूभाऊ त्या फाटक्या आवाजात म्हणाले, माझ्यावर दया म्हणून बोलावत असाल तर नको. त्यावर मॅडम इतक्या मोठ्यानं बोलल्या की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. “व्हॉट पिटी? एव्हरीबडी सिंग, सिंग, सिंग, नोबडी काउंट! ओन्ली यू कॅन काउंट, लाह!” साडूभाऊ गेले.

गुड फ्रायडेच्या संध्याकाळी आम्ही सगळे चर्चमध्ये तिसऱ्या रांगेत होतो. पांढरा शर्ट घातलेले साडूभाऊ ऑर्गनपाशी उभे, नजर कागदावर, अंगठा पेरांवर. रचना सुरू झाली आणि माझी मोठी पंचाईत झाली. मला खालची ओळ तोंडपाठ होती. गेल्या वर्षी दर सुट्टीला पासिर रिसला दाराआडून ऐकलेली तीच ओळ. पण तिच्यावर एवढं सगळं उभं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे साडूभाऊ रोज सांगत होते, मीच पोत्यांमधली गिरणी समजत होतो. ते लांब लांब सूर, ज्यांना आम्ही हसायचो, ते जागचे न हलता उभे होते आणि वर बायकांचे आवाज एकमेकींना हाका मारत चालले होते.

शेवटच्या भागात ते घडलं. ऑर्गनवाल्या बाईंनी मान हलवली. पान उलटलं नाही. बाईंनी पुन्हा जोरात मान हलवली. साडूभाऊ वर छताकडे बघत होते, तोंड किंचित उघडं, हात दोन्ही बाजूंना लोंबते. मोजणं केव्हाच थांबलं होतं. बाई बिचाऱ्या आठवेल तसं वाजवत राहिल्या, आणि मग त्या भरलेल्या चर्चमध्ये माझ्या शेजारून ताईचा आवाज गेला, “अहो!” साडूभाऊ दचकले आणि त्यांनी दोन पानं एकदम उलटली. बाईंनी डाव्या हातानं एक परत फिरवलं, आणि साडूभाऊ सांगायचे तसं मास्तरांनी सगळ्यांना एकदम घरी पोचवलं.

नंतर बसनं न्यूटन स्टेशनला आलो आणि एमआरटीच्या गाडीत बसलो. जेवायला पासिर रिसलाच जायचं होतं. सुट्टीचा दिवस, गाडी निम्मी रिकामी. साडूभाऊ खिडकीबाहेर बघत होते. मग ताईला म्हणाले, “पान चुकलो.”

“पाहिलं मी.”

“मोजायचं विसरलो. ऐकत होतो.” बोलताना त्यांना अजून धाप लागायची. “आत उभं राहून आपलं तेवढंच ऐकू येतं गं. आज पहिल्यांदा सगळं ऐकलं. आणि तुम्हाला मी इतकी वर्षं घरात नुसती खालची ओळच ऐकवली.”

ताईनं मांडीवरची पर्स उगाच उघडून बंद केली. म्हणाली, “वरचं सगळं फार छान होतं. पण खालची ओळ काही आज तितकी बरी झाली नाही.”

साडूभाऊ हसले. हसण्यातला आवाजही गेलेला होता, नुसते खांदे हलले. त्यांनी ताईचा हात हातात घेतला, चारचौघांत, आणि तो पासिर रिस येईपर्यंत सोडला नाही.